हार माझा, मान विमानाला

मी दिंद्रुडच्या भगवानरावांची जीप बोलतेय, आणि जळफळत बोलतेय. मला एक सवत आहे. विमान.

शिवकन्या जन्मली तेव्हा माजलगावच्या दवाखान्यातून तिला घरी मी आणलं. पोरगी आईच्या, वत्सलाबाईंच्या मांडीवर, आणि भगवानराव मला बैलगाडीपेक्षाही हळू हाकत होते. पुढे तिला कॉलेजला सोडलं मी, होस्टेलवर डबे पोचवले मी. मग ती नोकरीला लंडनला गेली आणि तिथं माझं काही चालेना.

चार वर्षांनी ती ऐन दसऱ्याला येणार होती. भगवानरावांनी मुंबईला एसी गाडी धाडली. "ह्या खटाऱ्यात कशाला? दसरा झाला की हिला भंगारात देऊ," म्हणाले. माझ्या तोंडावर म्हणाले.

दसऱ्याला सकाळी मला धुतलं. वत्सलाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. झेंडूचा हार माझ्यासाठीच ओवलेला. तेवढ्यात त्यांचा मुलगा रामेश्वर मोबाइल घेऊन आला. नकाशावर इवलंसं विमान सरकत होतं.

"आई, यात ताई हाय बघ. सात हजार किलोमीटर, नऊ तासांत मुंबई."

नऊ तास! तेवढ्यात मी दिंद्रुडहून मुंबई गाठली तरी लोक माझं कौतुक करतात.

वत्सलाबाई थबकल्या. "आज वाहनाची पूजा. मग लेक ज्यात बसलीय त्याला आधी नको का?"

मोबाइल माझ्याच बॉनेटवर ठेवला. काचेवर हळदकुंकू लावलं, हार त्याच्याभोवती घातला. कुंकवाखाली विमान दिसेना, तशा त्या घाबरल्या. "कुठं गेलं रं?" रामेश्वरनं काच पुसून दाखवली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. बोटांवर उरलेलं कुंकूसुद्धा त्यांनी पदराला पुसलं. मला टिळासुद्धा नाही.

शिवकन्या रात्री उशिरा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सरळ माझ्याकडे आली.

"आई, हिला हार कावून न्हाई?"

"तुझ्या इमानाला घातला, बाई. तुला सुखरूप आणायचं होतं त्याला."

ती हसली आणि माझ्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "नारायणगडला दर्शनाला जाऊ. जीपनंच."

"एसी गाडीनं तासाभरात जाशील," भगवानराव म्हणाले. "हिला दोन तास लागतील."

"लागू द्या की, बाबा. पंधरा दिवसांत परत जायचंय. आईजवळ बसायला तासभर जास्त मिळंल."

भंगारवाल्याचा फोन आला, त्याला भगवानराव दिवाळीनंतर ये म्हणाले. दिवाळी काही लांब नाही, हे मलाही कळतं.

पण त्या दिवशी मी निघाले. मागच्या सीटवर शिवकन्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, अगदी पहिल्या दिवसासारखी. तेवढ्यात वरून एक विमान गेलं. वत्सलाबाईंनी त्याला हात जोडले.

मी मुद्दाम खड्ड्यात एक गचका दिला. त्यांचे जोडलेले हात सुटले. एका हातानं त्यांनी लेकीला सावरलं, दुसऱ्या हातानं माझा दांडा घट्ट धरला.