भिंत गेली तेव्हा मी वरच होते

मित्रांनो, वर्गात शिरल्यावर छताकडे पाहायची सवय फार थोड्यांना असते. त्यामुळे तुमची माझी ओळख राहूनच गेली असेल. मी एक जुनी तुळई आहे. तुळई म्हणजे छताचा भार अंगावर घेणारे आडवे लाकूड. सध्या शाळेच्या जुन्या इमारतीच्या मागच्या अंगणात, ताडपत्रीखाली, मी दोन तुकड्यांत पडले आहे.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका सरळसोट झाडातून मला कापून काढले. गावाबाहेरच्या टेकडीवर तेव्हा एका धनिकाचा बंगला उभा राहत होता. पुढे सहा दगडी खांब, आत दोघे-तिघे शेजारी शेजारी चढतील असा रुंद जिना, आणि प्रत्येक खोलीला गुडघ्याएवढ्या उंचीवरून सुरू होणाऱ्या मोठाल्या खिडक्या. बंगल्याचा नकाशा काढणारा माणूस मोठा विचारी होता. जेवणघर आणि बैठकीची खोली या दोहोंवरून त्याने मला आडवे टाकले. माझी टोके बाहेरच्या भिंतींत रोवली आणि कमरेखाली मधली जाड भिंत दिली. त्या भिंतीच्या जिवावर मी निर्धास्त होते. वरच्या शयनगृहांत पाळणे हलले, आजारी माणसे निजली, पोरांनी धुडगूस घातला. मला कधी जड वाटले नाही.

पुढे घराण्यातली माणसे एकेक करून दूर निघून गेली. अकरा वर्षे बंगला कुलपात होता. मग तिथे शाळा आली. ती आणणाऱ्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी त्याआधी एका गोदामात, पोत्यांच्या थप्प्यांमागे मुले शिकवली होती. बंगल्याच्या खिडक्या उघडल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण खोल्या लहान पडत होत्या. त्यांनी गावातल्या तरुण सुताराला बोलावले.

"ही मधली भिंत काढली तर चालेल का हो? दोन खोल्यांचा एक मोठा वर्ग होईल."

सुताराने शिडीवर चढून माझ्या अंगावर दोन थापा मारल्या. "खुशाल काढा, बाई. ही तुळई हत्ती झेलेल."

मित्रांनो, खरे सांगते, मला ते कौतुक गोड लागले. आठ दिवसांत भिंत गेली. मी मधोमध केसभर वाकले. पण वर्गात मुलांचा किलबिलाट सुरू झाला आणि मीही ते विसरून गेले.

सुतार शाळेतच कामाला राहिला. बाके, दारे, काळे फळे, सगळे त्याच्या हातचे. त्याची मुलगी माझ्याखालीच बसून बाराखडी शिकली आणि मोठी होऊन त्याच वर्गाची बाई झाली. बाप रोज मधल्या सुट्टीत तिला डबा द्यायला येई आणि जाता जाता माझ्याकडे एकदा पाही.

दहा वर्षांपूर्वी वरच्या शयनगृहात ग्रंथालय आले. लोखंडी कपाटे आली, पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे आले. नेमके माझ्या कमरेवर. त्या वर्षी मला पहिली भेग पडली.

सुताराला ती सर्वांत आधी दिसली. तो शिडीवर चढला आणि त्याने भेगेत नख घातले. त्याला सगळे कळले होते. दुसऱ्या दिवशी त्याने भुसा आणि सरस कालवून भेग बुजवली, वरून रंग दिला. भेग पुन्हा उघडली. त्याने पुन्हा बुजवली. असे तीनदा झाले.

"बाबा, टेबलावर रोज भुकटी पडते," मुलगी म्हणाली. "आणि दार हल्ली ओढून ओढून दमायला होतं."

"जुनं घर आहे. अंग झाडतं अधूनमधून."

दार त्याने तासून दिले. त्या रात्री मात्र त्याला झोप लागली नसावी, कारण सकाळी तो थेट मोठ्या बाईंच्या दारात उभा राहिला. "बाई, वरची पुस्तकं खाली आणायला हवीत."

"का? काय झालं?"

त्या काढलेल्या भिंतीचा तीस वर्षांचा हिशोब त्याच्या ओठांवर आला असणार. तो म्हणाला, "काही नाही, ओल धरतेय तिथे."

"मग परीक्षा होऊन जाऊ दे. सुट्टीत बघू."

"बरं," तो म्हणाला.

परीक्षेचा तिसरा दिवस होता. सकाळचे दहा वाजले होते, छत्तीस मुले मान खाली घालून लिहीत होती. माझ्यातून बंदुकीच्या बारासारखा आवाज निघाला. छत बोटभर खाली आले आणि दार चौकटीत घट्ट रुतले.

वर्गाच्या बाईंनी, सुताराच्या मुलीने, एकदाच वर पाहिले. "पेन ठेवा. खिडकीतून बाहेर. ढकलायचं नाही."

त्या गुडघाभर उंचीवरच्या मोठाल्या खिडक्यांतून मुले उतरू लागली. आवाज ऐकून सुतार खांबाएवढा वासा खांद्यावर घेऊन धावत आला. खिडकीतून आत शिरून त्याने तो वासा माझ्याखाली उभा केला आणि पाचरी ठोकू लागला.

"बाबा, बाहेर चला!"

"आधी त्यांना काढ. माझंच काम आहे हे."

शेवटचे मूल उतरले. पाठोपाठ बाहेरच्यांनी बाईंना ओढून घेतले. तो तिसरी पाचर ठोकत होता. मित्रांनो, मी माझ्या अंगातला सगळा जोर लावला. पण लाकडाच्या हातात असते तरी काय? मी तुटले. माझ्यामागून कपाटे आली, पुस्तके आली. त्याला बाहेर काढायला संध्याकाळ झाली, तोवर तो गेला होता.

चौकशीची माणसे आली. त्यांनी माझी भेग पटाशीने कोरली आणि सरसाचे तीन थर मोजले. मोठ्या बाई खुर्चीत बसून राहिल्या होत्या. "मी पुन्हा एकदा 'का' विचारलं असतं तर," एवढेच त्या म्हणत होत्या.

महिन्याभराने गावकऱ्यांनी ठरवले, दारात संगमरवरी पाटी लावायची: 'छत्तीस मुलांचे प्राण वाचवणारा सुतार.' मजकूर दाखवायला ते त्याच्या मुलीकडे, वर्गाच्या बाईंकडे, आले.

त्यांनी तो दोनदा वाचला. "हे खरं आहे. पण भिंत काढायला हरकत नाही, हे बाबांनीच सांगितलं होतं. भेगही त्यांनीच झाकली. तेही लिहा."

"अहो, बापाबद्दल असं कुणी लिहितं का?"

"मीसुद्धा रोज भुकटी पुसत होते. माझंही लिहा. नाहीतर पाटी लावू नका."

पाटी लागली नाही. शाळा पुन्हा गोदामात गेली.

मित्रांनो, घराची निगा राखा, हे तर मी सांगेनच. दार अडकले, भिंतीतून भुकटी पडली, तर मोठ्यांना सांगा. पण तुमच्या हातून चूक झाली असेल, तर तीही सांगा. ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी. भेग बुजवायला शिडीवर चढलेल्या त्या सुताराला माझ्यासमोर रडताना मी तीनदा पाहिले आहे. 'माझी चूक झाली' हे एक वाक्य त्याच्या तोंडून माणसांसमोर निघायला हवे होते, पण तेव्हा त्याच्यासमोर फक्त मी होते.