मागांच्या रांगेतली बग्गी

मी एक बग्गी बोलतेय. घोडा जुंपायची नव्हे हं, रिमोटवर पळणारी! दीड वीत लांब, पांढरीशुभ्र. जन्म जपानचा. पहिल्या घरी दुसऱ्याच दिवशी भिंतीवर आपटले, पोटातलं दातेरी चाक फुटलं आणि खेळ खलास. पुढची पस्तीस वर्षं खोक्यात.

तिथून मला धनश्रीने आणलं. ती सुरतेत बँकेत आहे आणि जुन्या बग्ग्यांपायी वेडी आहे. भेस्तानच्या तिच्या घरी काचेच्या कपाटात आम्ही चौदा जणी. संग्राहकांचा नियम एकच, वस्तू जशीच्या तशी हवी. डाग नको, ओरखडा नको. लाड खूप झाले, खोटं कशाला बोलू? पण पळायला जन्मलेल्या जिवाने नुसतं पुसून घ्यायचं, याचं मला फार वाईट वाटायचं.

धनश्रीलाही मला एकदा पळताना बघायचं होतं. ते चाक कुठेच मिळेना. शेवटी तिने मला उधन्याला उखादादांकडे नेलं. उखादादा मूळचे धुळ्याकडचे, लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मिस्त्री. "पोटातलं कोण बघतंय? वरून मात्र डाग पडू देऊ नका. रविवारी संग्राहकांच्या मेळाव्यात मांडायचीय," धनश्रीने बजावलं.

मागावर धोट्याला ठोसा देणारा नायलॉनचा तुकडा असतो, पिकर. उखादादांनी एक झिजलेला पिकर घेतला आणि कानशीने त्यातून चाक घडवलं. माप नाही, नकाशा नाही. फुटक्या चाकाचे दाते नखाने मोजले, बस्स. जपानी यंत्रांनी केलेलं काम या माणसाने मांडीवर केलं! मी थक्क झाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. खातं बंद. सदतीस माग धुऊनपुसून गप्प उभे होते. उखादादांनी प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. रांगेच्या शेवटी पाटावर मी. माझ्याही पांढऱ्या कपाळावर त्यांचं ओलं बोट टेकलं. मी तर खेळणं! त्या राबणाऱ्या यंत्रांच्या पंगतीत मला बसवलं, या विचाराने माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात धनश्री आली आणि किंचाळलीच. "दादा, हे काय केलंत? हळद आता निघायची नाही!"

उखादादा गोंधळले. "ताई, यंत्र से ना ते. पूजाविना कसं ठेवू?"

तिने रुमाल काढला. हात माझ्यापर्यंत आला. मग तिची नजर रांगेवरून फिरली, एकेका मागावरच्या तशाच बोटाच्या ठशावरून. तिने हात मागे घेतला.

"चालवून बघू?" तिने हळूच विचारलं.

"आज नई. आज यंत्रले इसावा. उद्या या."

मला तिथेच ठेवून ती गेली. उद्या ती रुमाल आणेल की बॅटरी, हे मला कळेना.

दसऱ्याला सकाळीच ती आली. बॅटरी घेऊन!

खात्याच्या अंगणात मी सुसाट सुटले, उंबऱ्यावर आपटले, नाकाला हा एवढा ओरखडा. उखादादांनी जीभ चावली. धनश्री मात्र लहान पोरीसारखी ओरडली, "अजून एकदा!"

रविवारच्या मेळाव्याला माझी जागा रिकामी राहिली. संग्राहकांनो, तुमच्या कपाटात माझ्या बहिणी असतील, तर एक विनंती. त्यांना एकदा जमिनीवर ठेवा.