सरूबाईच्या मांडीतली तंतुकणिका

मित्रांनो, मी एक थकलेली तंतुकणिका आहे. युसूफ वडगावच्या सरूबाईच्या मांडीतल्या एका स्नायूपेशीत माझा मुक्काम. तुमच्या पुस्तकात मला पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणतात. नाव मोठं, काम मात्र हमालीचं! आमचा वंश आईकडून चालतो. सरूची आईही ऊसच तोडायची, म्हणजे कष्ट आमच्या पाचवीलाच पुजलेले.

सरू ऊस तोडायला वाकली की स्नायूत कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आवळतो. त्यातलं थोडं मी एका दारानं आत घेते. ते आलं की मला हुरूप येतो, मी जास्त ऊर्जा करते. मग दुसऱ्या दारानं ते बाहेर काढते. दिवसभर हेच. कुणी शाबास म्हणेल, तर नाव नको.

यंदा सरूची ऊसतोड टोळी दिंद्रुडच्या शिवारात उतरली. ऊन रणरणत होतं. नवरा आश्रुबा म्हणाला, "पाणी पी की, लई ऊन हाय."

"पिऊन जाऊ कुठं? ऊस तुटला, समदा फड उघडा पडलाय," सरू पुटपुटली. टोळीतल्या साऱ्या बायांची हीच रीत. लघवीला जायला आडोसा नाही, म्हणून तहान मारायची.

त्या दुपारी तिचं अंग तापलं, माझी ऊर्जा संपत आली. कॅल्शियम आवरणारं कुणी उरलं नाही, ते लोंढ्यानं माझ्यात शिरलं. किती साठवू हो मी? माझ्या शेजारणी फुगल्या, फाटल्या, पेशीच्या पेशी मेल्या. मी कशी वाचले, ठाऊक नाही. मेलेल्या पेशींतलं लाल द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकलं. सरूला कोऱ्या चहासारखी लघवी झाली. "उन्हाळी लागली आसंल," म्हणत तिनं घोटभर सब्जाचं पाणी घेतलं आणि पुन्हा कोयता उचलला. तिथंच चुकलं! सकाळी पाय उचलेनात, लघवीही बंद झाली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात सलाईनवर सलाईन लागली. "अजून उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती. पाणी का पीत नव्हता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आडोसाच न्हवता, बाई," सरूनं सांगितलं.

"मला कावून न्हाई सांगितलंस?" आश्रुबा कळवळला.

"काय सांगू? तुमाला दिसत न्हवतं व्हय?"

सरू वाचली. शेजारणींच्या जागी नव्या येतील, मी मात्र आता पार शिणले. परवा आश्रुबानं फडाच्या कडेला बांबू रोवून जुनी लुगडी बांधली. टोळीचा मुकादम हसला. बाया हसल्या नाहीत, त्या तांब्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

मित्रांनो, बाईला पाणी पी म्हणण्याआधी आडोसा बांधा.