भोपळ्याचं माप

चाळीस वर्षं मी शिवणकाम केलं, पण मापात चुकला म्हणून माझ्याकडचा एक कपडा उसवायला परत आला नाही. हे बढाई मारायला सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच, पण पुढं जे झालं ते कळायला माझी माप घ्यायची रीत आधी कळायला हवी.

गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा काय करतं? पोट आत ओढतं. छाती काढतं, मान ताठ करतं. त्या मापाचा शर्ट शिवलात तर आठवड्यात बटणं तुटून हातात येतात, आणि शिव्या कोण खातो? शिंपी! म्हणून मी टेप गळ्यातच ठेवायचो आणि विचारायचो, "काय साहेब, मुलगी कितवीला गेली?" माणूस बोलायला लागला की श्वास सोडतो, खांदे उतरतात, पोट आपल्या जागेवर येतं. तेवढ्यात मी माप घेऊन मोकळा. माणूस रोज जसा उभा राहतो तसा मोजायचा. ही माझी रीत, आणि तिनंच माझा घात केला.

ही गेली त्याला सात महिने झाले. ही म्हणजे माझी बायको. टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. तिथंच मागच्या बाजूला रिकाम्या पोत्यांत तिला कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं, गोल गरगरीत, पाय कुठले आणि पोट कुठलं ते कळत नव्हतं. घरी आणलं आणि नाव ठेवलं भोपळ्या. मी म्हणालो, "अगं, दोन खोल्यांत आपणच मावत नाही, हे कशाला?" तर म्हणे, "एवढुसा तर आहे." एवढुसा! वर्षभरात तो चाळीस किलोचा झाला. पलंगावर तो झोपला की मी खाली.

संध्याकाळी पावणेसहाला ही दार उघडायची आणि दारातूनच ओरडायची, "भोपळ्याऽऽ, कुठं लपलास रे?" हे एवढं थोरलं धूड, ते लपणार कुठं? दारातच तर उभं असायचं, कान टवकारून, शेपटीनं खुर्च्या पाडत. पण रोज तोच विनोद. बारा वर्षं. मला चीड यायची. "समोर उभाय तो, डोळे फुटले का तुझे?" म्हणायचो. आता वाटतं, तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

ही गेल्यावर भोपळ्या जेवायचा, फिरायला यायचा, सगळं करायचा. फक्त खाली मान घालून. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी तरी कुठं मान वर करून चालत होतो? दोघं रस्त्यानं निघालो की चार पाय आणि दोन चपला एवढंच आम्हाला दिसायचं.

लेक आमची परदेशात. पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, जावई बोटीवर, तो बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर येणार. हिनं लेकीला कबूल केलं होतं, "तू काळजी करू नकोस, मी सुट्टी साठवून ठेवलीय." सुट्टी तशीच राहिली. मग लेक मला म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच या. कायमचे या. आणि भोपळ्याला सोडून आलात तर दारात उभं करणार नाही." मी दुकान आवरलं, मशीन विकलं, घरमालकाला सांगून टाकलं. वीस तारीख दिली होती डॉक्टरनं. आमचं विमान बारा तारखेचं.

राहिला प्रश्न भोपळ्याच्या पेटीचा. प्राण्यांच्या सामानाच्या दुकानातल्या बाई फार माहितीच्या. त्यांनी दोन क्रेट दाखवले, पाच नंबर आणि सात नंबर. दोन्हींना चारही बाजूंना जाळी, लोखंडी दार, पक्के नटबोल्ट. नियम त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. आत कुत्र्याला ताठ उभं राहता आलं पाहिजे, कान छताला लागता कामा नयेत, गर्रकन वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे.

"मग सात नंबरच द्या की," मी म्हणालो. "ऐसपैस."

"तिथंच घोडं अडतं, काका. तुमचं रोजचं विमान लहान आहे. त्याच्या पोटाचं दार एवढंसं. पाच नंबर जातो, सात जात नाही. सातवाल्यांना मोठं विमान लागतं, ते महिन्यातून एकदा. या महिन्याचं भरलं, पुढच्या महिन्याचं सव्वीसला."

सव्वीस! पोर वीसला दवाखान्यात, आणि मी सव्वीसला इथून निघणार? म्हटलं, बघू तरी माप. टेप खिशात होतीच. दुकान गेलं तरी ती सुटलेली नाही.

बाई भोपळ्यापुढं बिस्किट उंच धरून उभ्या राहिल्या. तो वर बघेना, नुसते डोळे वळवले आणि परत खाली. त्यांनी त्याच्या हनुवटीखाली हात घातला, मान वर करायला. माझं डोकंच फिरलं. "हात काढा बाई! मान धरून उभा केलात तर माप खोटं येतं. रोज उभा राहतो तसाच मोजायचा असतो."

"पण काका, कुत्रं मान वर करतंच ना..."

"हा करत नाही. कुत्रं माझं आहे की तुमचं?"

बाईंनी हात काढला. जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत सत्तावीस इंच. आतली उंची सात नंबरची चौतीस, पाच नंबरची एकोणतीस. दोन इंच ढिलाई, अगदी शिंप्यानं ठेवावी तेवढी. मी खुशीत क्रेट घेऊन घरी आलो. बाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "एकदा घरी पुन्हा मोजा हं." मी मनात म्हटलं, मला शिकवते!

तीन आठवडे त्याला सवय केली. आत हिचा जुना तपकिरी स्वेटर अंथरला. भोपळ्या आत जायचा, वळायचा, स्वेटरवर नाक ठेवून झोपायचा. कान कुठं लागत नव्हते की शेपूट. रोज रात्री फोनवर लेकीला सांगायचो, "अगदी अंगाबरोबर बसलीय पेटी." फोन मी नेहमी कानाला लावून बोलणारा माणूस. स्पीकर लावून गावाला ऐकवायची मला भारी चीड.

बाराला सकाळी घरमालकाला किल्ली दिली आणि टेम्पोत क्रेट घालून विमानतळाच्या मालाच्या कचेरीत पोचलो. उंच पत्र्याची शेड, मध्ये मोठा वजनकाटा, भिंतीशी खोक्यांच्या थप्प्या. खिडकीवरचा कारकून तिशीतला, शांत. त्यानं कागद बघितले, लसीचे शिक्के बघितले, जाळीतून भोपळ्याकडं बघितलं. भोपळ्या उभा होता, नेहमीसारखा. "छान बसलाय," म्हणाला. मी म्हणालो, "बसणारच. माप मी घेतलंय."

दारावर पाण्याची वाटी अडकवायची राहिली होती. मी खाली बसून ती अडकवतोय, तेवढ्यात लेकीचा फोन. दोन्ही हात गुंतलेले. म्हटलं, आज एक दिवस स्पीकर, आणि फोन क्रेटच्या टपावर ठेवला.

"बाबा, झालं का सगळं?"

"होतंय. वाटी बसेना मेली."

"तो घाबरलाय का? थांबा, मी बोलते त्याच्याशी." आणि तिनं हाक मारली, "भोपळ्याऽऽ, कुठं लपलास रे?"

हुबेहूब. तोच लांबवलेला आवाज, शेवटी तसाच वर जाणारा. माझ्या हातातली वाटी पडली.

वर धाडकन आवाज झाला. भोपळ्यानं मान वर केली होती. सगळी. सात महिन्यांत पहिल्यांदा. कान टवकारलेले, शेपूट दोन्ही बाजूंना फटाफट आपटतेय, आणि डोकं छताला ठोकलेलं. तो कळवळून खाली वाकला आणि पुन्हा वर उसळला. पुन्हा धाड. फोन टपावरून घसरून खाली आला. भोपळ्या शेडच्या दाराकडं बघून कुंई कुंई करत होता, जाळीला नाक दाबून. पावणेसहाच वाजले होते त्याच्या लेखी.

"बाबा? आवाज कसला? बाबा!"

कारकून खिडकीमागून बाहेर आला. "काका," तो हळूच म्हणाला, "कान लागतायत."

कान कसले, टाळकं लागत होतं.

तो माणूस मात्र देवमाणूस. म्हणाला, "आत्ता लिहायचं तर मला 'लहान पडतो' असंच लिहावं लागेल. पण तुम्ही आलात तेव्हा तो खाली मान घालून नीट उभा होता, तेही मी पाहिलंय. मी चहा घेऊन येतो. दहा मिनिटांनी तो जसा उभा असेल तसं लिहितो." आणि गेला.

म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं, त्याची मान खाली येईपर्यंत.

मी लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी आईसारखी बोलले का?"

"हो गं."

"मला कळलंच नाही."

फोन तसाच चालू ठेवला. मी भोपळ्याकडं बघत बसलो. तो दाराकडं बघत होता. दारातून एक हमाल आला, भोपळ्याचे कान हलले. हमाल गेला. मग एक बाई कागद घेऊन आल्या, शेपूट एकदा हलली आणि थांबली. आधी कान पडले. मग डोळे दारावरून निघाले. मग मान, अगदी सावकाश, खाली, खाली, स्वेटरपर्यंत. ही गेली त्या दिवशीही अशीच खाली आली असणार. मी बघितलंच नाही. मी माझ्याच रडण्यात होतो. एका दुःखी जनावराचं माप घेतलं आणि म्हटलं, हा असाच आहे.

मनात आलं ते सांगतो, लपवत नाही. म्हटलं, विमानाच्या पोटात त्याला हाक मारणारं कोण आहे? सात तास मान वर करणारच नाही तो. काय बिघडतंय? तिकडं पोर पोटुशी, एकटी, तिची आई नाही. कुत्र्यापायी लेकीला टाकतोय, मी बाप आहे की कोण?

कारकून परत आला. वाकून बघितलं. हसला. "बसतोय की, काका."

"नाही," मी म्हणालो. "बसत नाही."

"आत्ता तर..."

"साहेब, चाळीस वर्षं मापं घेतली मी. हे बसत नाही."

खाली पडलेल्या फोनमधून लेकीचा आवाज आला. "मोठं विमान कधी आहे, बाबा?"

"सव्वीसला."

"आणि माझी वीस." नाक ओढल्याचा आवाज आला. "शेजारच्या काकू आहेत. येतील त्या."

"मी येतो गं. ह्याला कुठंतरी ठेवतो आणि आजच..."

"कुठं ठेवणार? त्याला तुमच्याशिवाय कोण आहे? आणि त्या पेटीतून आणलात तर इथं उतरल्यावर मी त्याला हाक कशी मारू, बाबा? मी हाक मारणार आणि त्याचं डोकं आपटणार?"

मी बसल्या जागी रडलो, त्या परक्या माणसासमोर. तो बिचारा कागद खालीवर करत राहिला.

मग मी डोळे पुसले आणि भोपळ्याला बाहेर काढलं. खिशातून टेप काढली. सात नंबरमध्ये तरी बसतो की नाही, हे आता अंदाजावर सोडायचं नव्हतं. कारकुनाला म्हटलं, "खालचं टोक धरता का जरा?" तो गुडघ्यावर बसला. भोपळ्या खाली मान घालून उभा.

"बाळा," मी फोनला म्हणालो, "आईसारखी एकदा हाक मार. मला माप घ्यायचंय."

"नको ना, बाबा. तो परत शोधेल."

"शोधू दे. पुन्हा नाही मागणार. एकदाच."

मग आली हाक. मधेच फाटली, तरी आली.

भोपळ्याची मान वर गेली. मी टेप कानाच्या टोकाला लावली. कारकुनानं खालून टेप ताठ धरून ठेवली. साडेएकतीस. मी दोनदा वाचलं. साडेचार इंच कमी घेतलं होतं मी. कारकुनानं ते तिथल्याच एका पावतीच्या मागं लिहून दिलं.

मी टेप गुंडाळली तरी तो दाराकडं बघत होता. त्याला ओढून न्यायला माझा हात होईना. त्याची मान आपोआप खाली येईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, मग पट्टा लावला, आणि आम्ही घरमालकाकडं किल्ली परत मागायला निघालो.