पहिल्या बाकावरची जागा

माझ्या नवऱ्याला, होझियाला, पुरलं त्या दिवशी मी ड्युटीवर होते. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, पांढरे बूट, छातीवर बिल्ला.

मेकन शहरातल्या आमच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये आम्हा काही बायकांना नर्स म्हणतात. इंजेक्शनाशी आमचा काही संबंध नाही. गाणं रंगात आलं की कुणाच्या अंगात पवित्र आत्मा संचारतो, कुणाला गेलेलं माणूस आठवून हुंदका आवरत नाही. अशा वेळी त्या बाकापाशी पोहोचायचं, वारा घालायचा, रुमाल द्यायचा, पडू द्यायचं नाही. निम्मं आयुष्य मी हेच काम केलं. होझियाच्या शवपेटीसमोर त्याची बहीण कोसळली तेव्हा तिला सावरायलाही मीच होते. लोक म्हणाले, आर्नेटासारखी खंबीर बाई पाहिली नाही. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं.

त्यानंतर मला बसता येईना. पाठीला, गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. पण खुर्चीवर टेकले की छातीतून काहीतरी वर यायला लागायचं, मग मी उठायचे आणि घासलेली भांडी पुन्हा घासायचे. जेवणसुद्धा गॅसपाशी उभ्यानेच. एक दिवस दुकानात भाजी निवडताना चक्कर येऊन पडले, आणि माझी लेक रोशेल अटलांटाहून तडक आली.

"मम्मा, तू कुणाशी तरी बोल."

"देवाशी बोलते की रोज."

"देवाशी बोलच. पण तुझं ब्लडप्रेशर किती वाढलंय ते देव मला फोन करून सांगत नाही. एक तर काउन्सेलरकडे जा, नाहीतर मी इथे राहायला येते."

ही सरळ सरळ धमकी होती. माझ्या पोटची पोर आहे, जीव आहे माझा तिच्यावर, पण ती आली की माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवते. मी मुकाट्याने गेले.

पहिली काउन्सेलर गोरी होती. स्वभावाने गोड, बिचारी. माझं सगळं ऐकून म्हणाली, चर्चच्या कामाचा तुमच्यावर ताण आहे, काही महिने तिकडे जाऊ नका. मी तिचे आभार मानले आणि उठले. चर्चला जायचं नाही तर रविवारी मी काय करू, पडदे धुऊ?

मग रोशेलने डॉक्टर बॅलर्डला शोधलं. आपल्यातलीच, काळी मुलगी, वय रोशेलएवढं, केसांच्या बारीक वेण्या. तिने काही विचारायच्या आत मीच विचारलं, "तुझी माणसं कुठली?"

पहिलीला हे विचारलं असतं तर ती गोंधळली असती. या पोरीने पेन बाजूला ठेवलं, आणि आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात तसं 'मिस' म्हणत सांगितलं, "फोर्ट व्हॅलीची, मिस आर्नेटा. आजी तिथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये गायची."

"मेथडिस्ट, म्हणजे आमच्या पंथाची नाही," मी म्हटलं. "असो. चालायचंच."

ती खळखळून हसली. तिथेच माझं तिच्याशी जमलं.

पुढे बरेच आठवडे मी तिला सगळं सांगितलं, फक्त सांगायचं तेवढं सोडून. पीचचे भाव, गुडघे, माझी मैत्रीण ओझेला, जी नर्सांची प्रमुख झाल्यापासून जनरलसारखी चालते. पोरीने घाई केली नाही. बसवत नसलं तर उभं राहा म्हणाली, आणि मी खिडकीशी उभी राहून बोलायचे. मग एका दुपारी तिने अंत्यविधीचा दिवस विचारला आणि मी सांगितला. गाणी, फुलं, नणंदेला कसं धरलं, सगळं. सांगता सांगता बघते तर पोरीचे डोळे भरलेले. मी टेबलावरचा टिश्यूचा डबा उचलून तिच्याजवळ गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मिस आर्नेटा, बसा."

"आधी डोळे पूस."

"पुसते. पण या खोलीत ड्युटी माझी आहे. तुम्ही बसायचं."

मी बसले. नाइलाजाने, खुर्चीच्या टोकावर.

ती म्हणाली, "आपल्याला लहानपणापासून हेच शिकवतात. तू धर, तू सावर, तू रडू नकोस. माझ्या आजीनेही मला तेच शिकवलं, आणि आपण त्यावरच तगलो. मी त्याला नावं ठेवणार नाही. मला एवढंच सांगा, पहिल्या बाकावर बायकोची जागा असते ना? त्या दिवशी तिथे कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. रोशेलने माझी पर्स ठेवली होती."

बोलून गेले, आणि मग माझे मलाच ते शब्द ऐकू आले. माझ्या लेकीने बापाला निरोप दिला तो एका पर्सशेजारी बसून. आई चार पावलांवर होती, आणि दुसऱ्यांना वारा घालत होती.

मला राग आला. "मग आता काय करू? त्याला पुन्हा पुरू?"

"नको," ती म्हणाली. "पण ती जागा अजून तिथेच आहे. जमेल त्या रविवारी जाऊन बसा. फक्त पांढरं घालू नका."

जमायला बरेच रविवार गेले. कधी कुणी आजारी होतं, कधी पाहुणे पाद्री येणार होते, कधी माझ्या हातमोज्यांना नुकतीच इस्त्री करून झाली होती. शेवटी एकदा मनाचा हिय्या करून ओझेलाला फोन लावला.

"येत्या रविवारी मी ड्युटीवर नाही."

"का गं, आजारी आहेस?"

"नाही. बसणार आहे. पहिल्या बाकावर."

ओझेला म्हणाली, "जांभळा ड्रेस घाल. त्यात तू होझियाला आवडायचीस."

रविवारी रोशेल आली. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. तिने माझा हात हातात घेतला आणि मुद्दामच माझ्याकडे पाहिलं नाही. होझियाच्या अंत्यविधीला म्हटलेलंच गाणं सुरू झालं. माझ्या छातीतलं ते वर यायला लागलं. तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला आणि माझे पाय आपोआप उठायला निघाले.

खांद्यावर पांढऱ्या हातमोज्यातला हात पडला.

"कुठे निघालीस?" ओझेला कानाशी म्हणाली.

"मागे कुणालातरी..."

"मागे आपल्या नर्स बायका आहेत. खाली बस, आर्नेटा."

आणि तिने वाकून, दोन्ही हातांनी, माझा चष्मा काढून घेतला.

मी गारच झाले. माणूस आता स्वतःला सावरू शकणार नाही असं दिसलं की नर्स आधी त्याचा चष्मा काढते, फुटू नये म्हणून. मी कितीजणांचे काढले असतील. माझा कधी कुणी काढला नव्हता. मला कळायच्या आत ओझेलाला कळलं होतं.

सगळं चर्च धूसर झालं. एक बाई होझियाला हाका मारत होती, मोठ्याने, जराही लाज न बाळगता. तिला कुणीतरी धरायला हवं, असं माझ्या मनात आलं. मग रोशेलने मला घट्ट मिठीत घेतलं, आणि तो आवाज माझाच आहे हे मला समजलं. मी तो थांबवला नाही. ओझेला वारा घालत होती. पंखा ती फार जोरात हलवते, पण मी काही बोलले नाही.