ठोकळ्यातल्या तीन वायरी

ठोकळ्याचं झाकण निघालं आणि ताईच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला. आत जळकं काहीच नव्हतं. ना काजळी, ना वितळलेलं प्लास्टिक, ना तो दिवसभर नाकात बसणारा करपट वास. नुसत्या तीन वायरी होत्या आणि तिन्ही कापलेल्या. तुटलेल्या नव्हेत, कापलेल्या. या दोन्हींतला फरक न कळायला ती काही काल दुकानात बसायला लागली नव्हती.

हा ठोकळा म्हणजे एका जुन्या व्हिडिओ गेमचा अडॅप्टर. विटेएवढा आणि विटेसारखाच जड, म्हणून घरात त्याचं नाव ठोकळा पडलं. ताईची शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती तेव्हा एके सकाळी तो बंद पडला. हे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बाबांचं. बाबांनी ठोकळा दुकानात नेला, परत आणला आणि निकाल देऊन टाकला : आतला ट्रान्सफॉर्मर जळला, असा दुसरा कुठे मिळायचा नाही. गावातले लोक बिघडलेल्या वस्तूचं निदान ज्यांच्या तोंडून ऐकायला रांगा लावत, त्यांच्या शब्दावर घरात कोण शंका घेणार? तेवढ्यात धाकटा भाऊ रडत पुढे आला आणि काल माझ्याच हातून त्यावर पाणी सांडलं होतं म्हणाला. त्याला एक सणसणीत थोबाडीत बसली. वर ताकीद मिळाली, की यापुढे दुकानातल्या एकाही हत्याराला बोट लावायचं नाही.

ही ताकीद थपडेपेक्षा जास्त लागली. कारण शाळा सुटली की दप्तर भिरकावून दुकानात पळणारा तो होता, ताई नव्हे. ताईला त्या वयात सर्किट आणि सरबत यांत फारसा फरक वाटत नसे. ती दिवसभर गेम खेळायची, आणि खेळ बंद पडला तेव्हा तणतणत भावाचं नाव तिनंच ठेवलं : मोड्या. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तिची स्वतःची मुलंसुद्धा त्याला मोड्यामामा म्हणतात आणि तो हसून ओ देतो.

बाबांचं दुकान पुढे ताईकडे आलं आणि मोड्या कापडाच्या दुकानात नोकरी करतो. कापड पडलं तरी मोडत नाही, असं त्याचं त्यावर म्हणणं. त्याच्या घरात दिवा गेला तर बायको स्टुलावर चढते आणि हा खाली स्टूल धरून उभा राहतो. लोक हसतात, तोही हसतो. पण मागच्या महिन्यात त्याच्या मुलीनं गजराचं घड्याळ उघडलं, तेव्हा हा कधी आवाज न चढवणारा माणूस तिच्यावर ओरडला. तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला आणि म्हणाला, माझ्या हातात मोडणं आहे, तेच तुझ्यात उतरलंय. त्या दिवसापासून पोरीनं कशाला हात लावणं सोडलं. बापाच्याही जिवाला ते लागून राहिलं असावं, कारण नंतर तोच माळ्यावर चढला, गेमचं खोकं काढलं आणि बहिणीकडे घेऊन आला. तू चालू कर, मी हात लावणार नाही, एवढंच त्याचं मागणं. माझं मोडलेलं एक तरी पुन्हा नीट झालेलं तिला दिसू दे, म्हणजे तिची भीती जाईल. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पोरीला घेऊन येतो, असं ठरलं होतं. ती सुट्टी म्हणजे आज.

ठोकळा उघडायचा ताईच्या मनातसुद्धा नव्हतं. बाबा म्हणाले जळलाय, म्हणजे जळलाय. तिनं दुसरा बेत केला होता. या गेमला दोन वेगवेगळ्या दाबांची वीज लागते, पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट, आणि बाजारातले अडॅप्टर एकच काहीतरी देतात. पण संगणकाच्या पॉवर सप्लायमधून दोन्ही निघतात. भंगारात निघालेल्या एका संगणकातून तिनं तो काढला, पंख्यातली धूळ फुंकली, हिरवी वायर काळीला जोडली, कारण त्याशिवाय ते धूड जागंच होत नाही. पाचच्या वाटेवर थोडं ओझं नसेल तर आकडे नाचतात, म्हणून तिथे एक जाडजूड रेझिस्टर बसवला. लाल म्हणजे पाच, पिवळी म्हणजे बारा हे तिला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, पण काही कंपन्या रंगांच्या बाबतीत आपलंच घोडं पुढे दामटतात, म्हणून प्रत्येक वायर मीटर लावून पाहिली. सगळं जिथल्या तिथे होतं.

अडलं ते पिनेपाशी. गेमच्या पाठीत जाणारी ती तीन दातांची गोल पीन आता कुणी बनवत नाही. जुन्या ठोकळ्याचीच कापून घ्यायला हवी होती. शेपूट जेवढं लांब मिळेल तेवढं बरं, म्हणून तिनं वायर बाहेरून न कापता ठोकळ्याचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

तिन्ही वायरी एकाच जागी कापलेल्या नव्हत्या. एक आखूड, दुसरी तिच्याहून लांब, तिसरी आणखी लांब, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. प्रत्येकीवर प्लास्टिकची बारीक नळी आधीच सरकवलेली होती आणि ती निसटू नये म्हणून वर पांढऱ्या दोऱ्याची गाठ. बाकीचे कारागीर वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळतात. पायऱ्या पाडून कापायचं, म्हणजे सांधे एकमेकांना टेकत नाहीत, आणि सोल्डरचा डाग द्यायच्या आधीच पुढे सांधा झाकणारी नळी सरकवायची, ही या दुकानाची रीत. तिला ती कुणी शिकवली हे वेगळं सांगायला नको. शिकवणारा तिच्या मागे दोन हातांवर, वेताच्या खुर्चीत, पेपर वाचत बसला होता.

आपल्याला भास होतोय असं वाटून तिनं ठोकळ्याची मुख्य वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली आणि ट्रान्सफॉर्मरकडच्या तुकड्यांना मीटर टेकवला. पाच. मग बारा. इतकी वर्षं माळ्यावर पडलेला तो ठोकळा ठणठणीत होता. जळायचं सोडाच, त्याला कधी सर्दीसुद्धा झाली नव्हती. ती हबकून नुसती त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग तिनं सॉकेट बंद केलं, ठोकळा उचलला आणि बाबांच्या मांडीवरच्या पेपरवर ठेवला.

बाबांचे हात अलीकडे थरथरतात, जीभ मात्र शाबूत आहे. सकाळपासून ते तिला सूचना देत होते. चष्मा वर सरकवून त्यांनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मग ताईला विचारायची गरजच उरली नाही. तरी तिनं विचारलं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"जोडायची होती," बाबा म्हणाले. "तुझी परीक्षा झाली की जोडणार होतो. तू दिवसरात्र त्या डबड्यापुढे बसायचीस. ओरडून ऐकत नव्हतीस."

"मग जोडली का नाही?"

बाबांनी नळीवरच्या दोऱ्याला बोट लावलं. "तो येऊन म्हणाला, माझ्या हातून झालं. सगळ्यांसमोर म्हणाला. त्यानंतर मी काय सांगणार होतो? लहान पोरापुढे खोटा पडलो असतो."

"आणि थोबाडीत मारलीत ती?"

बाबांनी ठोकळा तिच्या हातात परत दिला. ताईला वाटलं, आपल्याला कुणीतरी भर रस्त्यात ढकलून दिलं आहे. जी खुर्ची, जे टेबल, जो सोल्डरिंगचा दांडा ती आपल्या हुशारीनं मिळवला असं समजत होती, तो सगळा हिस्सा एका लहान पोराच्या माथी खापर फोडून तिच्या ओंजळीत पडला होता. आणि ज्या खेळापायी वायर कापली गेली तो तिचाच होता. तिला बाबांचा संताप आला, स्वतःची लाज वाटली आणि दोन्हींचं काय करायचं ते कळेना. बाबा खालच्या आवाजात म्हणू लागले, की आता कशाला उकरून काढतेस, तू तो पॉवर सप्लाय लाव आणि खेळ चालू करून दे, पोरगी खूश होईल, त्यालाही बरं वाटेल. म्हणजे मूग गिळून बस. तिच्या मनात क्षणभर तेही आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. गेम चालू झाला असता, सगळे हसले असते आणि मोड्या मोड्याच राहिला असता.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

अर्ध्या वर ओढलेल्या शटरखालून आधी मुलगी आली, मग मोड्या. मुलगी टेबलापाशी येऊन थांबली आणि तिनं शहाण्यासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधले. बापाचेही हात पाठीमागेच होते. दुकानात तो नेहमी असाच उभा राहतो. टेबलावरचा वायरींचा पसारा आणि मधलं पॉवर सप्लायचं धूड बघून तो खूश झाला, झालं का विचारू लागला. मग त्यानं बाबांकडे पाहिलं.

"ठोकळा तुझ्या हातून मोडला नव्हता," बाबा म्हणाले. "वायरी मी कापल्या होत्या."

म्हाताऱ्या माणसाची काहीतरी सरमिसळ झाली की आपण हसतो तसा मोड्या हसला. बाबांची समजूत घालायला लागला, की नाही हो बाबा, पाणी मी सांडलं होतं, आतून फट्कन आवाज झाला होता, निळी ठिणगीसुद्धा उडाली होती, ती मला अजून दिसते. बोलताना त्याचा आवाज अगदी मऊ होता. जी ठिणगी कधी उडालीच नाही, ती हा माणूस जन्मभर डोळ्यांत बाळगून होता.

तिनं ठोकळा त्याच्यापुढे धरला. त्यानं हात पुढे केले नाहीत, नुसतं वाकून पाहिलं. पायऱ्या पाहिल्या. नळ्या पाहिल्या. दोऱ्याच्या गाठी पाहिल्या. हत्यारांना हात लावायची बंदी झाली तरी लहानपणी इथे उभं राहून त्यानं जे बघितलं होतं ते तो विसरला नव्हता. हे काम कुणाचं, ते त्याला तिच्याइतक्याच चटकन कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पाठीमागचे हात सुटून दोन्ही बाजूंना लोंबले.

तो बोलला, तेही बाबांशी नाही.

"ताई, मग मी इथे बसलो असतो?"

खोटं बोलून नाही म्हणणं सोपं होतं. "हो," ती म्हणाली. "तूच बसला असतास."

त्यानं मान हलवली. दारातल्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर जाऊन बसला आणि पंजे पालथे-उताणे करून पाहू लागला. मुलगी भांबावून एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे बघत होती. ताईला दुसरं काही सुचेना. तिनं सोल्डरिंगचा दांडा तापत ठेवला, ठोकळा सरळ केला आणि त्याला हाक मारली. तीनच सांधे आहेत, म्हणाली, ये, तू जोड.

"मला येत नाही," तो म्हणाला. हे बोलून त्यालाच धक्का बसल्यासारखं झालं. आजवर तो असं कधी म्हणाला नव्हता. माझ्या हातून मोडतं, एवढंच म्हणत आला होता. "ताई, मला येतच नाही. मला कुणी शिकवलं नाही."

बाबा खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठू लागले. "ये, मी सांगतो तुला. सोपं आहे. आधी नळी—"

"तुम्ही नको," मोड्या म्हणाला.

तो ओरडला नाही. पण बाबा तसेच अर्धवट उठलेले पुन्हा खाली बसले.

मोड्या उठला. मुलीचे पाठीमागे बांधलेले हात त्यानं सोडवले, तिला टेबलाजवळ आणलं आणि ताईच्या शेजारी उभं केलं. "हिला शिकव," तो म्हणाला, "मी बघतो." मग तो दोघींच्या मागे उभा राहिला आणि पोरीच्या खांद्यावरून वाकून बघू लागला.