कोऱ्या चार चौकटी

तपासणीला तीन दिवस उरले होते आणि मोठ्या सिस्टरांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी, अशा त्यांच्या छोट्या शस्त्रक्रिया केंद्राला मानांकन मिळणार की नाही, ते गुरुवारी ठरणार होतं. डॉक्टरांनी भिंती रंगवून घेतल्या. कागदांचा डोंगर मात्र सिस्टरांच्या डोक्यावर. हत्यारं निर्जंतुक केल्याच्या नोंदी, ऑक्सिजनच्या टाक्या, ट्रॉलीतल्या औषधांच्या तारखा, सगळं त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. राहता राहिली फोनची वही.

नियम असा होता की घरी सोडलेल्या पेशंटला त्याच संध्याकाळी फोन करायचा. दुखतंय का, रक्त येतंय का, उलटी झाली का, लघवी झाली का, हे चार प्रश्न विचारून उत्तरं लिहायची. आठ महिन्यांपूर्वीच्या एका पानावर नाव होतं, नंबर होता, पण चारही चौकटी कोऱ्या. त्या दिवशी फोनची पाळी सिस्टरांचीच होती.

त्या वही घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

"एकच ना? 'पेशंट बरा' लिहा आणि मोकळ्या व्हा," डॉक्टर म्हणाले.

"पण फोन केलाच नव्हता."

"बरा नसता तर परत आला असता की! सिस्टर, हत्ती गेला नि शेपूट राहिलं. आता शेपटाला धरून बसू नका."

सिस्टरांनी पेन उघडलं. पण माणूस त्यांना चांगला आठवत होता. घड्याळं दुरुस्त करणारे, सत्तरीचे, हर्नियाचं ऑपरेशन. ऑपरेशनआधी "सोबत कोण आहे?" असं विचारलं तेव्हा म्हणाले होते, "भाचा खाली गाडी घेऊन थांबलाय." सिस्टरही म्हणाल्या होत्या, "सातला फोन करते हं, काका." साडेपाचला घरून निरोप आला, सासूबाई न्हाणीघरात पडल्या. सिस्टर होत्या तशा निघाल्या. दुसऱ्या दिवशी नवे पेशंट, नवी गडबड. फोन डोक्यातून गेला तो गेलाच.

त्यांनी पेन मिटलं आणि तो नंबर फिरवला. आपण कोण ते सांगितलं.

"सातला करणार होतात," घड्याळवाले काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. भाचा आलाच नव्हता. खरं सांगितलं तर ऑपरेशनच पुढे ढकलतील, या धास्तीनं ते खोटं बोलले होते. एकटेच टॅक्सीनं घरी गेले, तीन जिने चढले, आणि फोन उशाशी घेऊन पडले. लघवी अडली. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं.

"म्हटलं, सिस्टर फोन करतील, त्यांनाच विचारू. आठ वाजले, नऊ वाजले. मग वाटलं, कामात असतील, आपण कशाला त्रास द्यायचा? सकाळी शेजारच्या बाईंनी मोठ्या दवाखान्यात नेलं. नळी घातली. तीन दिवस ताप होता." मग ते म्हणाले, "तुमचा दोष नाही. खोटं मीच बोललो."

"तुमचं खोटं तुमच्यापाशी, काका. फोन करायचा होता मी."

फोन ठेवल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'फोन केला नाही. पेशंटची लघवी अडली, दुसरीकडे उपचार घ्यावे लागले. आज चौकशी केल्यावर कळलं.' आजची तारीख घातली, सही केली.

डॉक्टरांनी वाचलं. "हा आपल्याच पायावर धोंडा आहे, सिस्टर. तुमच्या आणि माझ्याही."

"रात्रभर तळमळला माणूस. त्याला 'बरा' कसं लिहू?"

डॉक्टरांनी वही मिटून परत दिली. काकांचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं.

गुरुवारी तपासायला आलेल्या बाई ओळीखाली बोट ठेवून वाचत होत्या. त्या पानावर बोट थांबलं.

"पुढे काय केलंत?"

"सोबतचा माणूस समोर येऊन सही करत नाही, तोवर परवापासून कुणाला सोडत नाही. ज्याची फोनची पाळी त्याला अचानक जावं लागलं, तर वही दुसऱ्याच्या हातात देऊनच जायचं."

"आणि ज्याला कुणीच नाही, त्याचं काय?"

दाराशी उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "तारीख देतानाच विचारू. कुणी नसेल तर मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करू, रात्री तिथंच ठेवू. मी बोलतो तिथं."

बाईंनी लिहून घेतलं. मानांकन त्या दिवशी मिळालं नाही. त्रुटी नोंदवली गेली, सुधारायला तीन महिने मिळाले. डॉक्टर दोन दिवस सिस्टरांशी कामापुरतंच बोलले.

रविवारी सिस्टर तीन जिने चढून काकांकडे गेल्या. काकांनी चहा ठेवला, खुर्चीवरची घड्याळं उचलून त्यांना जागा करून दिली.

"तुम्ही फोन केलात, बरं वाटलं," ते म्हणाले. "पण खरं सांगू? त्या दिवसापासून कुणी 'करते फोन' म्हटलं, की मी 'हो' म्हणतो आणि सोडून देतो."

सिस्टर "माफ करा" म्हणाल्या. काकांनी मान हलवली. माफ केलं की नाही, ते कळलं नाही. दोघांनी चहा संपवला.

तीन महिन्यांनी त्याच बाई पुन्हा आल्या. त्यांनी फोनची वही पहिल्या पानापासून वाचली आणि मानांकनाच्या कागदावर सही केली.